मरियमच्या कळा आणि बाळाचं दुपटं

त्या साली माझी प्रार्थना आटली होती. विहीर आटते ना, तशी. वरून कठडा, रहाट, दोर सगळं जागच्या जागी, आणि पोहरा सोडला की खाली नुसता खडखडाट. गावात कुणाला याचा पत्ता नव्हता. उलट गोरेगावात माझी ख्याती अशी, की डॉक्टरीणबाई म्हणजे फार देवाच्या. डॉक्टरीण तर मी नव्हतेच. आमचे हे ढोरांच्या दवाखान्यात नोकरीला, म्हणून गाव त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचं आणि त्या हिशोबानं मी डॉक्टरीण. सबंध गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायचं तर जीप धरून हिंगोली गाठावी लागे. म्हणून रोज संध्याकाळी मी घरातच प्रार्थना करायची, तीही चांगली खणखणीत आवाजात. देवाला ऐकू जावं म्हणून की शेजाऱ्यांना, ते आता या वयात मला विचारू नका.

आटायला कारण झालं होतं. माझी लेक करुणा जालन्याला दिलेली. आदल्या साली तिचं पहिलं बाळ दिवस भरत आले असताना पोटातच गेलं. त्या बाळासाठी मी गुडघे सोलेपर्यंत प्रार्थना केली होती, उपास केले होते, पाळकसाहेबांकडून मंडळीत विनंती वाचून घेतली होती. आणि उत्तर हे आलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि ती बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. पोरगी हसायची बंद झाली होती. पोटावर हात ठेवून ओसरीत बसायची, आत हललं की माझ्याकडे बघायची, हललं नाही की जास्तच बघायची. मी म्हणायची, ‘देव आहे ना, बाळा.’ म्हणायची आणि घाईनं चुलीकडे जायची, कारण माझं तोंड खोटं बोलत असलं की नाक लाल होतं आणि हे माझ्या लेकीला लहानपणापासून ठाऊक.

आता त्या वेळची मी कशी होते, तेही सांगून टाकते; त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, शुभवर्तमानं तोंडपाठ, उत्तर तयार असल्याशिवाय प्रश्न ऐकायची सवय नाही. मी म्हणजे येशूची वकीलच. त्यानं वकीलपत्र दिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आणि माझं कोर्ट कुठं भरायचं, तर शेजारच्या खैरूनआपाच्या ओट्यावर.

खैरूनआपा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. घर पिंजाऱ्याचं, नवरा कापूस पिंजायचा आणि ही गाद्या-रजया शिवायची. दुपारी ती ओट्यावर रजई पसरून टाके घालत बसली, की मी तूर निवडायला घेऊन तिच्यासमोर ठाण मांडायची आणि खटला सुरू करायची. येशू देवाचा पुत्र कसा, ते समजावायची. आपा सुईत दोरा ओवत म्हणायची, ‘बाई, अल्लाला ना बायको ना सासरवाडी, पोरगं कुठून?’ मी म्हणायची, तसा अर्थ नाही, आपा. ती म्हणायची, ‘मग ज्याचा तसा अर्थ न्हाई, ते तसं बोलावंच काहून?’ मग मी क्रुसावर यायची. त्यांच्यात ईसाला अल्लानं वरच्यावर उचलून घेतलं, क्रुसावर तो मेलाच नाही. आमच्यात तो मेला नाही, तर मग उरतं काय? या एका गाठीशी आलो की आपा सुई भराभर चालवायची. मी तुरीतले खडे जरा जोरात फेकायची.

बाकी जुळायचं ते मात्र इतकं जुळायचं, की मला त्याचाच राग यायचा. इब्राहिम आमचा अब्राहाम, मूसा आमचा मोशे, जिब्राईल आमचा गब्रीएल. मुलाचा बळी द्यायला निघालेल्या बापाची गोष्ट मी मोठ्या तोऱ्यात सांगायला घेतली, तर आपा म्हणाली, ‘म्हायती हाय. त्यावरच तर आमची बकरीद.’ फक्त माझ्याकडे तो मुलगा इसहाक, आणि तिच्या घरचे सांगायचे इस्माईल. एवढ्यावरून मी आठवडाभर अबोला धरला होता. दोन्ही पोरं वाचली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही!

उपासाचंही तसंच. आमचा लेंतकाळ, ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, आला की मी मटण सोडायची आणि त्याची भरपाई म्हणून चहा दुप्पट प्यायची. आपा रमजानचा महिनाभर दिवसा पाण्याचा थेंब घ्यायची नाही आणि वर रजया शिवायची. त्यातून माझी एक फजिती झाली, ती आजही नातवंडं मला ऐकवतात. नाताळ आला की मी दुपारी बारा वाजता करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट घेऊन आपाकडे जायची आणि ती माझ्यासमोर करंजी मोडून खायची, अशी आमची रीत पडली होती. रमजान दर साली दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतो, हे मला कुठं ठाऊक! मला वाटे, आपला नाताळ जसा पंचवीस तारखेला खुंट्याला बांधलेला, तसाच त्यांचा महिनाही कुठंतरी बांधलेला असणार. एका साली तो सरकत सरकत आला तो थेट नाताळावर. मी भर दुपारी ताट घेऊन उभी. म्हटलं, ‘खा की, आपा. माझ्या हातचं आवडेनासं झालं व्हय?’ आपानं ताट घेतलं, वर ओढणी पांघरली आणि म्हणाली, ‘सांजच्याला आधी हेच खाईन, बाई. आता तुमीच जरा माझ्या डोळ्यांसमोरून उठा.’ मी घरी येऊन यांना म्हटलं, आपाला काहीतरी राग आलाय. हे जोराजोरानं हसले, तेव्हा मला उलगडा झाला.

त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता आणि जो तो येणाऱ्या नव्या शतकाच्या गप्पा करून राहिला होता. नाताळ पुन्हा रमजानातच आलेला. करुणाला आठवा संपत आला होता. आपा एका दुपारी आमच्याकडे आली ती ओढणीआड काहीतरी घेऊन. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली एक वाळकी मूठ. हरभऱ्याचं उपटलेलं झाड उन्हात वाळून आकसावं, तशी काटक्यांची मूठ. म्हणाली, हे मरियमचं फूल. तिच्या आजेसासूनं हजहून आणलेलं. बाईच्या कळा सुरू झाल्या की हे पाण्यात ठेवायचं, ते हळूहळू बोटं उघडावी तसं उघडतं, आणि तसतशी बाई मोकळी होते. मग वाळवून पुन्हा फडक्यात. गावातल्या कितीतरी घरी ते जाऊन आलेलं, तांड्यावरसुद्धा. फूल मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही आणि त्याबदल्यात काही घ्यायचं नाही, एवढाच त्याचा नेम.

मी काय केलं असेल? वकीलबाई उभ्या राहिल्या. म्हटलं, ‘आपा, आमच्यात असलं चालत नाही. आम्ही फक्त प्रार्थना करतो.’ बघा म्हणजे! आत विहिरीत टिपूस नाही आणि मी पाणपोई उघडून बसलेली. आपाला राग आला नाही. फडकं परत गुंडाळत म्हणाली, ‘करा की प्रार्थना. फूल काय तिच्या आडवं येऊन राहिलं?’

नाताळ झाला. ताट मी या वेळी दिवस मावळल्यावर न्यायचं ठरवलं होतं, पण पाहुण्यांच्या गडबडीत राहूनच गेलं. आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारची भांडी घासत होते तर ओसरीतून करुणानं हाक मारली. त्या हाकेवरूनच मला कळलं. दिवस भरले नव्हते अजून. हे तांड्यावर ढोरांना लस टोचायला गेलेले. मी धावत जाऊन सिस्टरला आणलं. गावच्या उपकेंद्रातली नर्स, सगळं गाव तिला सिस्टरच म्हणायचं. तिनं करुणाचं पोट चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. मला दाराबाहेर नेऊन म्हणाली, ‘पायाळू हाय, बाई. पाय खाली, डोकं वर. इथं न्हाई जमायचं. जीप बघा, हिंगोलीला न्यावं लागंल. मी संगं येते.’

जीप मिळाली. मागच्या बाकावर करुणाला आडवी केली, तिचं डोकं माझ्या मांडीवर, पायांशी सिस्टर. मी महिनाभर विणलेल्या टोपड्या-मोज्यांची पिशवी आत कोंबली. काय सुचलं कोण जाणे, नाताळातल्या उरलेल्या शंकरपाळ्या रुमालात बांधून कमरेला खोचल्या, म्हटलं कोण किती वेळ उपाशी राहील. जीप हलणार एवढ्यात खैरूनआपा पळत आली. एका हातात स्टीलचा कटोरा, दुसऱ्या हातात ते फडकं. कुणी तिला बोलावलं नव्हतं. मला विचारलंही नाही. चढली, समोर बसली, कटोऱ्यात पाणी ओतलं आणि फूल त्यात ठेवून ओढणीच्या आडोशाला धरून बसली. खरं सांगायचं तर त्या घटकेला कुणी मला लिंबू-मिरची बांध म्हटलं असतं, तरी मी नाही म्हटलं नसतं.

आमच्याकडचा तेव्हाचा रस्ता. एकेका खड्ड्याला करुणा किंचाळायची आणि कटोऱ्यातलं पाणी आपाच्या कपड्यावर सांडायचं. आपा ओठांत काहीतरी म्हणत होती, तिच्या भाषेतलं, एका लयीत. मीही डोळे मिटून प्रार्थना करायला गेले. एरवी माझी प्रार्थना म्हणजे पल्लेदार वाक्यं, हे स्वर्गीय पित्या, हे दयासागरा. त्या दिवशी तोंडातून एक शब्द येईना. आदल्या सालचं ते न रडलेलं बाळ तेवढं डोळ्यांपुढं येई. इतक्यात एक मोठी कळ आली आणि करुणा ओरडली, ‘मी याच्या आधीच मेले असते तर बरं झालं असतं गं, आई!’

मी काय म्हणावं? म्हणाले, ‘असं बोलू नये करुणा, देवाला काय वाटेल!’ पोरगी मरणाच्या दारात आणि मला देवाला काय वाटेल याची पडलेली. जणू देव म्हणजे गावातला एखादा पाहुणा, त्याच्यासमोर पोरांनी नीट वागावं.

आपाचे ओठ थांबले. ती म्हणाली, ‘बोलू द्या तिला, बाई. मरियमनं बी हेच म्हटलं होतं.’

‘कोण मरियम?’ मी खरोखर असं विचारलं.

‘तुमची. आमची. ईसाची माँ.’

आणि त्या हिंदकळत्या जीपमध्ये, कटोरा सावरत, आपानं ती मगापासून म्हणत होती त्याचा अर्थ सांगितला. मरियम एकटी होती. जवळ ना आई, ना नवरा, ना सुईण. लोकांच्या तोंडापासून लांब, आडरानात निघून गेली. कळा सुरू झाल्या, तशी खजुराच्या झाडाच्या बुंध्याला धरून बसली आणि म्हणाली, याच्या आधीच मी मेले असते, लोक मला विसरून गेले असते, तर बरं होतं. तेव्हा खालून आवाज आला, दुःख करू नको. बघ, तुझ्या पायाशी तुझ्या मालकानं पाण्याचा झरा काढलाय. बुंधा हलव, ताजा खजूर पडेल. खा, पी, डोळे निवव. ‘अल्लानं तिला शिव्या न्हाई दिल्या, बाई,’ आपा म्हणाली. ‘पाणी दिलं.’

मी वर्षानुवर्षं नाताळची गोष्ट सांगत आले होते. मेंढपाळ, तारा, मागी लोक, उंट, सगळं हातवारे करून. पण त्या पोरीला कळा आल्या असतील, ती ओरडली असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी चार लेकरांची आई! आमच्या मंडळीत मरीयेचं नाव डिसेंबरात काढायचं आणि जानेवारीत गव्हाणीच्या चित्रांबरोबर पेटीत ठेवून द्यायचं. तिचं रडणं कुणी विचारलंच नाही. ते शेजारच्या घरात, दुसऱ्याच पुस्तकात जपून ठेवलेलं निघालं.

करुणा ऐकत होती. दोन कळांच्या मध्ये तिनं विचारलं, ‘मग पुढं काय झालं?’ आपा म्हणाली, पुढं ती लेकराला कडेवर घेऊन माणसांत आली. लोक नावं ठेवायला लागले, तर तान्हा ईसाच पाळण्यातून बोलला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘पन जन्मल्या-जन्मल्या कशात गुंडाळलं असंल त्याला? रानात कपडा कुठला? तुमच्यात सांगतात का काही?’

सांगतात तर! तेवढंच तर सांगतात. मी म्हटलं, आमच्यात जागा नाही मिळाली त्यांना, धर्मशाळा भरलेली. योसेफ तिच्याबरोबर होता. बाळ झालं, तसं तिनं त्याला बाळुत्यात गुंडाळलं आणि ढोरांच्या गव्हाणीत ठेवलं. ‘गव्हाणीत?’ आपाचे डोळे ओले झाले. ‘कडबा टोचला असंल की हो.’ आणि मग मीही रडायला लागले. तिच्याकडे मरियमच्या कळा होत्या, माझ्याकडे बाळाचं दुपटं. इतकी वर्षं ओट्यावर बसून आम्ही काय भांडत होतो, देव जाणे.

तेवढ्यात जीप एकीकडे कलली. टायर बसलं होतं. जादाचं होतं, तेही बसलेलंच निघालं. ड्रायव्हर डोक्याला हात लावून खाली उतरला. दोन्ही बाजूला कापसाची रानं, ऊन कलत आलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सिस्टर मला म्हणाली, ‘बाई, आता लई वेळ न्हाई.’ ती असं म्हणाली आणि मी ऐकलं, एवढंच आठवतं. मी रस्त्याच्या कडेला बसले.

मग मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत कापूस, सुटा, वरपर्यंत भरलेला. चालवणारा तांड्यावरचा कुणी माणूस, डोक्याला लाल पागोटं, तोंडात विडी. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. जीपमध्ये एकदा डोकावला, विडी फेकली, ट्रॉलीवर चढला आणि दोन्ही हातांनी कापूस बाजूला सारून मधोमध घरट्यासारखा खळगा केला. सिस्टर म्हणाली, ‘भाऊ, कापूस खराब होईल सगळा.’ तो म्हणाला, ‘कापूस पुढल्या साली बी येतो, बाई. चढवा लेकीला.’

चौघांनी मिळून करुणाला वर घेतलं. मघाशी ज्या रस्त्यानं पोरगी खड्ड्याखड्ड्याला किंचाळत होती, तोच रस्ता, आणि आता तिला हिसका म्हणून लागेना. ट्रॅक्टर बैलगाडीच्या चालीनं चालला होता. मऊ पांढऱ्या त्या खळग्यात माझी लेक निजली होती, एका बाजूला मी, एका बाजूला आपा. आपाच्या हातातल्या कटोऱ्यात आता घोटभरच पाणी उरलं होतं.

हिंगोली आली नाही. त्याआधी बाळ आलं. सिस्टरनं हाक मारून ट्रॅक्टर थांबवायला लावला. आधी इवलाले पाय, मग धड, आणि मग ते डोकं अडलं, तेव्हा सिस्टर काय करत होती ते मी पाहिलं नाही. मी फक्त करुणाचा हात धरला होता. मग सिस्टरच्या हातात पोर होती. निळसर. हलेना, रडेना. सिस्टरनं तोंड साफ केलं, उलटी धरली, पाठ चोळली. काही नाही. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं, म्हणजे बारीकसा आवाज आला तरी ऐकू यावा. एकदम सगळं शांत झालं. आदल्या सालची तीच शांतता. मी तिला लगेच ओळखलं.

त्या क्षणी माझ्यातल्या वकिलाला एकही कलम आठवलं नाही. मी देवाला ‘दे’ म्हणाले नाही. ‘का’ म्हणाले नाही. मनात एवढंच आलं, तुझं आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे होऊ दे. ते माझे शब्द नव्हते. देवदूत निरोप घेऊन आला तेव्हा मरीयाच तसं म्हणाली होती. मी ते शंभरदा वाचून दाखवलं असेल, पण तिच्या जागी उभी राहून पहिल्यांदाच म्हटलं. आणि समोर खैरूनआपा हात पसरून बसली होती. तिनं मला मागं कधीतरी सांगितलं होतं, की इस्लाम म्हणजेच स्वतःला त्याच्या हवाली करणं. तेव्हा मी तिला उत्तर द्यायच्या गडबडीत होते. आता पाहिलं, त्या कापसात आम्ही दोघी एकाच दाराशी बसलो होतो.

पोर रडली. आधी मांजरीसारखी, मग चांगली टाहो फोडून.

माझी विणलेली टोपडी-मोजे जीपमध्येच राहिले होते. आपानं डोक्यावरची ओढणी काढून टर्रकन फाडली, सिस्टरनं त्यात कापूस घातला आणि माझी नात त्यात गुंडाळली गेली. आपा तिच्याकडे बघत म्हणाली, ‘घ्या. कशात गुंडाळलं ते आता आमाला बी कळलं.’ तेवढ्यात खालून ट्रॅक्टरवाल्यानं पाण्याचा कॅन वर केला. ‘मावशी, रोजा दिसतो तुमचा. दिवस बुडाला बगा.’ खरंच बुडाला होता. मी कमरेचा रुमाल सोडला. शंकरपाळ्यांचा पार भुगा झाला होता. आपानं बिस्मिल्ला म्हणून चिमूटभर तोंडात टाकला, वर पाणी प्याली. त्या वर्षीचं नाताळचं ताट मी अशा रीतीनं अगदी वेळेवर दिलं.

दवाखान्यात मायलेकी दोघी सुखरूप राहिल्या. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं. आमच्या ह्यांनी पुढं तांड्यातांड्यावर ढोरं टोचताना विचारून पाहिलं, पण लाल पागोट्याचा आणि विडी ओढणारा एवढ्या खुणेवर अर्धा तालुका निघतो. आपा म्हणायची, फरिश्ता असेल. मी म्हणायची, फरिश्त्याला विडी ओढताना कुणी पाहिलंय का? ती म्हणायची, ‘तुमी कुठं फरिश्ते पाह्यले, म्हणून सांगून राहिल्या?’ आणि फूल? ते त्या कापसात अर्धंच उघडलेलं सापडलं. पाणीच सांडलं होतं. मग त्यानं काम केलं की नाही, हे मी कधी कुणाला सांगत बसत नाही. मला एवढं माहीत आहे, की त्या संध्याकाळपासून माझ्या विहिरीला पाणी आहे. पूर्वीइतका आवाज मात्र होत नाही.

नातीच्या नावावरून आम्ही भांडायच्या तयारीत होतो. मी म्हणत होते मरीया, आपा म्हणत होती मरियम. जावयानं येऊन ठेवलं प्रीती. आमचा सगळा जोर वाया गेला.

म्हणून काही आम्ही दोघी एक झालो, असं समजू नका. क्रुसाची ती गाठ सुटली नाही, ती आम्ही सोडवायची सोडून दिली. पण पुढच्या शुभ शुक्रवारी, येशू क्रुसावर गेला त्या दिवशी, मी दार लोटून एकटी बसले होते, तर आपा आली आणि भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, आपा, तुमच्या हिशोबानं तर तो मेलाच नाही. ती म्हणाली, ‘आमच्या हिशोबानं न्हाई. पन तुमच्या घरी तर सुतक हाय ना? मग शेजारीण येणार न्हाई व्हय?’ जोवर होती, तोवर दर साली ती त्या दिवशी येऊन बसली. त्याहून मोठा धर्म मला अजून कुणी शिकवलेला नाही.

हे निवृत्त झाले आणि आम्ही गोरेगावातच दोन खोल्या बांधून राहिलो. आपा थकली. शेवटच्या आजारात तिनं ते फडकं माझ्या हातात दिलं. म्हणाली, ‘तुमच्याकडं राहू द्या. मागणारीला न्हाई म्हणू नका.’ आमच्यात असलं चालत नाही, असं या वेळी मी म्हटलं नाही. आता ते माझ्या पेटीत गव्हाणीच्या चित्रांशेजारी असतं, आणि मरीया बाराही महिने बाहेर असते. कधी पुसेगावकडून कुणाची सासू येते, कधी तांड्यावरून कुणाचा नवरा सायकल हाणत येतो. मी फूल देते आणि बजावून सांगते, फूल पाण्यात ठेवा आणि बाईला आधी दवाखान्यात न्या.

मागच्या खेपेला आपाचीच नात शबाना अडली. वेळेत हिंगोलीला नेली होती, मीही गेले. खाटेशी कटोरा ठेवला. पोरगी दातओठ खात होती, म्हणाली, ‘नानी, दादी सांगायची ते सांगा.’ मग मी, मिशनच्या बोर्डिंगातली म्हातारी, तिला खजुराचं झाड सांगितलं. मरियमचं रडणं सांगितलं, पायाशी फुटलेला झरा सांगितला. तिनं माझा हात घट्ट धरला. कळ ओसरली तसं तिनं डोळे उघडले आणि अगदी आजीसारखंच विचारलं, ‘मग पुढं? लेकराला कशात गुंडाळलं?’

देवाचे आभार मानायला मला पल्लेदार वाक्यं आताशा सुचत नाहीत. मी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हटलं, ‘आधी येऊ तर दे गं त्याला. दुपटं मी घेऊन आलेय.’